छोट्या ट्रॅक्टरची हायड्रॉलिक जोडणी : दोष कोठे शोधावा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून इतिहासाचाच लेख येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही मात्र या वेळी एका यंत्राच्या जोडणीविषयी लिहीत आहोत. आपल्या वसतिगृहातून शिकून गेलेले कित्येक विद्यार्थी आज शेती करतात, काही भाड्याने ट्रॅक्टर चालवतात, काही दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर चालक म्हणून रोजंदारी करतात. त्यांच्या घरात ही स्मरणिका जाईल, पालकांच्याही हाती पडेल. म्हणून त्यांच्या उपयोगी पडेल असा विषय घेतला. थोडा इतिहास त्यात येईलच. त्याला आमचा इलाज नाही.

द्राक्ष, डाळिंब, पेरू यांच्या दोन ओळींमधून चालणारा साधारण १५ ते ३० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, ज्याला सगळे 'मिनी ट्रॅक्टर' म्हणतात, तो आता गावोगाव दिसतो. त्याच्या मागे पलटी नांगर, डंपिंग ट्रॉली, क्वचित पुढे लोडर जोडलेला असतो. ही अवजारे तेलाच्या दाबावर हलतात आणि ते तेल ट्रॅक्टरकडून अवजाराकडे रबरी नळीतून जाते. नांगर पलटत नाही, ट्रॉली उचलत नाही किंवा उचललेली खाली येत नाही, की पहिला संशय पंपावर घेतला जातो. पंप उतरवतात, तालुक्याला नेतात, दोन दिवस वापसा निघून जातो आणि अखेर दोष निघतो तो तीन बोटे लांबीच्या कपलिंगमध्ये. चालक रोजंदारीवर असेल तर त्या दोन दिवसांचा रोजही बुडतो. आणि दोष शोधताना ज्या चुका होतात, त्यांत रोज बुडणे ही सर्वांत लहान हानी आहे, हे पुढे सांगू.

दाब म्हणजे किती

बंद भांड्यातील द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम ब्लेझ पास्कल या फ्रेंच विचारवंताच्या नावाने आठवी-नववीच्या पुस्तकात आपण सर्वांनी पाठ केला आहे. द्रवाच्या समतोलावरील त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. त्या नियमावर चालणारे दाबयंत्र मात्र इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी १७९५ साली पेटंट केले, म्हणजे मध्ये सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. ब्रामांची खरी अडचण गळतीची होती. दट्ट्या घट्ट बसवावा तर हलत नाही, सैल ठेवावा तर पाणी बाहेर येते. त्यावर तोड निघाली ती चामड्याच्या वाटीची. तिचे श्रेय ब्रामांच्या कारखान्यातील कारागीर हेन्री मॉडस्ले यांना दिले जाते. वाटीची कड दाबाच्या दिशेने ठेवली की दाब वाढेल तशी ती कड भिंतीला अधिक चिकटते. आज नळीच्या जोडात बसणारी रबरी ओ-रिंगही याच तत्त्वावर काम करते. नील्स ख्रिस्तेन्सेन या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या यंत्रज्ञाला अमेरिकेत तिचे पेटंट मिळाले ते १९३९ साली. त्याच वर्षी हॅरी फर्ग्युसन यांची तेलाच्या दाबावर उचलणारी तीन टोकांची जोडणी घेऊन फोर्डचा ट्रॅक्टर बाजारात आला. आपल्या ट्रॅक्टरच्या मागचे तीन हात हे त्याचेच वंशज होत.

पाणी अडवून धरणारे चामडे आपल्याकडेही होते. विहिरीवरची मोट चामड्याची असे, हातपंपाच्या नळीतली वाटीही पुष्कळ काळ चामड्याचीच होती. मोट शिवणाऱ्या हाताला मात्र त्याच विहिरीचे पाणी शिवता येत नव्हते. यंत्रविद्येचा इतिहास लिहिताना ब्रामा आणि मॉडस्ले यांची नावे मिळतात; मोटेचा टाका कोणी बसवला, त्याचे नाव कोठे मिळत नाही. असो.

आता आकडे पाहू. मोटारीच्या चाकात साधारण २ बार दाब असतो. छोट्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये तो काम करताना १३० ते २०० बारपर्यंत चढतो. सिलिंडरला आपल्याकडे 'जॅक' म्हणतात, आम्हीही तोच शब्द वापरतो. ५० मिलिमीटर आतला व्यास असलेल्या जॅकच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर भरते. १५० बार दाबाला तो जवळजवळ ३,००० किलोचा जोर देतो. दांड्याच्या बाजूने दाब दिला, तर दांड्याने व्यापलेली जागा वजा करावी लागते. दांडा ३० मिलिमीटरचा असेल तर सुमारे १२.५ चौरस सेंटिमीटर उरतात आणि जोर १,९०० किलोच्या आसपास येतो. म्हणून दुहेरी जॅक उघडताना अधिक ताकदीचा आणि मिटताना अधिक चपळ असतो. हा दोष नव्हे. हे आकडे लक्षात ठेवावेत, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

हाताने चाचपू नये

दोष शोधण्याच्या रीती सांगण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. नळीला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले असेल, तर त्यातून निघणारी तेलाची धार पुष्कळदा डोळ्यांना दिसतही नाही. फार तर धुके दिसते, किंवा नळी तेलकट लागते. अशा वेळी 'कुठून गळतंय बघू' म्हणून नळीवरून हात फिरवण्याची सवय सर्वांना असते. ती धार कातडीतून आरपार जाते. त्यासाठी १५० बार लागत नाहीत, ७ बारच्या आसपासचा दाबही पुरतो असे सुरक्षेच्या पुस्तिका सांगतात. हातमोजा घातला तरी ती थांबत नाही.

जखम दिसायला काट्याने टोचल्यासारखी असते. रक्त नाही, पहिल्या तासात फारशी वेदना नाही. म्हणून माणूस हळद लावून कामाला लागतो. आत मात्र तेल स्नायूंच्या पदरांतून आणि शिरांच्या बाजूने पसरलेले असते; हात सुजतो, मांस मरू लागते आणि उशीर झाला तर बोट, प्रसंगी पंजा कापावा लागतो. ही शस्त्रक्रियेची तातडी आहे. गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन घरी परतू नये. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच तासाला निघावे आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगावे की दाबाखालचे हायड्रॉलिक तेल कातडीखाली गेले आहे. तेलाचा डबा किंवा त्यावरचे नाव बरोबर न्यावे. जखम पिळू नये, शेकू नये.

गळती शोधायची तर खोक्याचा पुठ्ठा हातभर लांबीच्या काठीला बांधून नळीजवळून फिरवावा. धार असेल तेथे पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटते. डोळ्यांना चष्मा हवा. जोड आवळायचा किंवा सैल करायचा तो इंजिन बंद करून, अवजार जमिनीवर टेकवून, दाब उतरवल्यावरच. चालत्या इंजिनावर पाना लावणाऱ्या मिस्त्रीच्या शेजारी उभे राहून बॅटरी धरण्याचे काम मुलांना सांगू नये.

कपलिंग बसत नाही

सर्वांत अधिक ऐकू येणारी तक्रार हीच. सकाळी नांगर जोडायला गेले, तीन हात लागले, नळीचे टोक मात्र ट्रॅक्टरच्या तोंडात जात नाही. काल संध्याकाळी याच कपलिंगमधून ते सहज निघाले होते.

कपलिंगच्या दोन्ही अर्ध्यांत, नळीकडच्या नरात आणि ट्रॅक्टरकडच्या मादीत, स्प्रिंगवर बसलेली एक छोटी झडप असते. दोन्ही अर्धे जुळले की झडपांची टोके एकमेकांना मागे ढकलतात आणि वाट मोकळी होते. सुटे केले की दोन्ही मिटतात, म्हणून तेल सांडत नाही. सोय मोठी आहे, पण याचाच अर्थ असा की नळी सुटी केल्यावर तेल आत कोंडले जाते. दाब न उतरवता काढली असेल तर दाबासकट कोंडले जाते. तोंडाची एक सेंटिमीटर व्यासाची झडप ५० बार दाबाने मिटलेली असेल तर ती मागे सारायला सुमारे ४० किलोचा जोर लागतो, तोही स्प्रिंगच्या जोरावर भर म्हणून. हाताने तो येत नाही.

काढताना दाब उतरवलेला असूनही दुसऱ्या दिवशी हीच अडचण येते, तेव्हा चालक चक्रावतो. त्याचे उत्तर उन्हात आहे. कडक धातूच्या भांड्यात पूर्ण भरून कोंडलेल्या तेलाचे तापमान एका अंशाने वाढले तर दाब १० बारच्या आसपास वाढतो. रबरी नळी थोडी फुगते, त्यामुळे प्रत्यक्षात वाढ कमी होते. तरी चैत्र-वैशाखाच्या उन्हात काळी नळी दुपारपर्यंत किती तापते हे सांगायला नको. पहाटे गार असताना जोडली तर तीच नळी पुष्कळदा निमूट बसते. अवजार सावलीत ठेवणे हा फुकटचा उपाय आहे.

दाब उतरवण्याची रीत अशी. अवजार जमिनीवर पूर्ण टेकवावे. इंजिन बंद करावे. मग लिव्हर दोन्ही टोकांपर्यंत चार-पाच वेळा पुढे-मागे न्यावी, म्हणजे नळीतील दाब तेलटाकीत उतरतो. मिनिटभर थांबून मग नळी काढावी. हे काढताना करायचे काम आहे. लावताना लिव्हर हलवली तर फक्त ट्रॅक्टरच्या बाजूचा दाब उतरतो. अवजाराच्या बाजूचा दाब त्याच्या मिटलेल्या झडपेमागे तसाच राहतो, कारण लिव्हर आणि तो यांच्यामध्ये आता वाटच उरलेली नाही.

अवजाराच्या बाजूला दाब अडकलाच असेल तर काय करावे? हातोडीने ठोकू नये. झडपेचे टोक चेपते आणि ते कपलिंग मग आयुष्यभर गळते. नराचे टोक दगडावर किंवा लोखंडावर दाबून 'फुस्स' करण्याची रीत आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. ती धार कोठे जाईल हे दाबणाऱ्याला ठाऊक नसते. त्याऐवजी अवजाराचे वजन जॅकवर नाही याची खात्री करावी, नळी जॅकला जेथे मिळते त्या जोडावर जाड फडके गुंडाळावे, चष्मा लावून बाजूला उभे राहावे आणि पान्याने नट पाव ते अर्धा फेरा सैल करावा. चमचाभर तेल बाहेर येते आणि दाब संपतो. नट पुन्हा आवळावा. जॅकवर वजन आहे अशी शंका असेल तर नटाला पाना लावूच नये.

दाब नसतानाही बसत नसेल, तर दोन्ही अर्धे एका जातीचे आहेत का ते पाहावे. शेतीच्या ट्रॅक्टरांवर बहुधा आयएसओ ७२४१ प्रमाणातील 'ए' मालिकेचे कपलिंग असते. 'बी' मालिकेचे दिसते जवळजवळ तसेच, पण एकमेकांत बसत नाही. सपाट तोंडाचे, आयएसओ १६०२८ प्रमाणाचे कपलिंग तर वेगळेच असते. धूळ कमी धरते, म्हणून ते चांगले. मात्र सपाट तोंडाशी सपाटच लागते.

जोडले, पण एकाच बाजूने चालते

येथे कानाचा उपयोग करावा. लिव्हर ओढल्यावर इंजिन जड होते, त्याचा सूर दबतो आणि कोठून तरी किंचाळल्यासारखा आवाज येतो. तो रिलीफ व्हॉल्व्हचा आवाज. याचा अर्थ पंप ठीक आहे, तेल निघाले आहे, वाट कोठे तरी बंद आहे. (जॅक शेवटच्या टोकाला पोहोचल्यावरही असाच आवाज येतो. तेव्हा लिव्हर सोडावी, धरून ठेवू नये, तेल तापते.) उलट लिव्हर ओढूनही इंजिनाला काहीच जाणवले नाही, तर तेल अवजाराकडे निघालेलेच नाही. मग टाकीतील तेल, तेलाची वाट बदलणारा कॉक, लिव्हरचा दुवा आणि सर्वांत शेवटी पंप पाहावा. हा एवढा भेद केला तरी अर्धे काम होते. पंप विनाकारण उतरवला जातो तो बहुधा हा आवाज न ऐकल्यामुळे.

वाट बंद असेल तर पहिला संशय अर्धवट बसलेल्या कपलिंगवर घ्यावा. कडी 'टक्' करून पुढे आली का, नळी ओढून पाहिल्यावर सुटत तर नाही ना, हे तपासावे. अर्धवट बसलेले कपलिंग एक चमत्कारिक गोष्ट करते. ट्रॅक्टरकडून येणारे तेल नराची झडप आत ढकलून वाट काढते. परतीचे तेल मात्र तीच झडप बाहेर ढकलून मिटवते. म्हणजे तेल जाते, येत नाही. जॅक उघडतो आणि मिटायचे नाव घेत नाही. लोक तेल नेणाऱ्या नळीकडे पाहत बसतात. मिटताना तेल जॅकच्या बुडाच्या बाजूने परत यायचे असते, म्हणून उघडून अडलेल्या जॅकची बहुधा बुडाकडची नळी पाहावी.

दोष नळीकडे आहे की ट्रॅक्टरकडे, हे ठरवायला पैसा लागत नाही. दाब उतरवून दोन्ही नळ्यांची ट्रॅक्टरवर अदलाबदल करावी. लिव्हरच्या दिशा उलट होतील, ते सोडून द्यावे, जॅककडे पाहावे. जॅक पूर्वीसारखाच उघडतो पण मिटत नाही, तर दोष नळीकडच्या नरात किंवा खुद्द नळीत आहे. आता मिटतो पण उघडत नाही, तर दोष ट्रॅक्टरच्या तोंडात किंवा व्हॉल्व्हमध्ये आहे. नर नवा असूनही दोष नळीकडेच राहिला, तर नळीचे आतले अस्तर सुटून त्याचा पडदा झाला असण्याचा संभव असतो. तो पडदा झडपेसारखाच एका बाजूने उघडतो, दुसऱ्या बाजूने मिटतो. बाहेरून नळी नवी दिसते.

आता वर दिलेले आकडे. बुडाकडून १५० बार दाब येत आहे आणि दांड्याकडची परतीची वाट बंद आहे, अशी कल्पना करा. १९.६ चौरस सेंटिमीटरवरचा सगळा जोर १२.५ चौरस सेंटिमीटरमधल्या कोंडलेल्या तेलावर येतो. तेथे दाब २३० बारच्या पुढे जातो. ट्रॅक्टरचा रिलीफ व्हॉल्व्ह १५० वर उघडतो खरा, पण त्याला या कोंडलेल्या तेलाचा पत्ताच नसतो. म्हणून 'आणखी रेस दे, उघडेल' हा सल्ला देणारा भला असला तरी त्याचे ऐकू नये. फुटते ती परतीची नळी, आणि ती फुटते तेव्हा चालकाच्या पाठीमागे हातभर अंतरावर असते.

डंपिंग ट्रॉलीची गोष्ट याहून गंभीर आहे. तिचा जॅक एकेरी असतो. तेल वर उचलते, खाली येणे वजनाने होते. कपलिंग अर्धवट बसले असेल तर ट्रॉली वर जाते आणि वरच राहते. अशा वेळी माणूस काय झाले ते पाहायला खाली वाकतो आणि नेमका कपलिंगलाच हात घालतो. उचललेल्या ट्रॉलीखाली, भक्कम टेकू लावल्याशिवाय, कोणीही डोकेसुद्धा घालू नये. जॅकवर विश्वास ठेवू नये, नळीवर तर मुळीच नाही. अडकलेली ट्रॉली उतरवणे हे एकट्याचे आणि घाईचे काम नाही. जाणता मिस्त्री येईपर्यंत पोराबाळांना लांब ठेवून थांबावे.

पुढे लोडर असेल तर चार नळ्या येतात : दोन हात उचलायच्या, दोन बादली वळवायच्या. त्या उलटसुलट लागल्या तर लिव्हर उलटी चालते. हे कळते आणि सुधारता येते. काढण्यापूर्वी प्रत्येक जोडीला एका रंगाची पट्टी, म्हणजे नराला आणि मादीलाही, गुंडाळून ठेवली की प्रश्न मिटतो. पंपाकडून लोडरच्या व्हॉल्व्हकडे येणाऱ्या नळ्यांची चूक मात्र महागात पडते. तेथे साधारण तीन वाटा असतात : पंपाचे दाबाचे तेल, टाकीत परतणारे रिकामे तेल आणि पुढे मागच्या तीन हातांकडे जाणारे तेल. शेवटच्या दोन नळ्या एकमेकींच्या जागी लागल्या तर लोडर चालतो, पण मागचे हात उचलत नाहीत. आणखी वाईट हे की व्हॉल्व्हच्या ज्या बाजूने फक्त रिकामे तेल वाहायचे, तेथे पूर्ण दाब येऊन त्याचे बीडाचे शरीर तडकू शकते. काही ट्रॅक्टरांवर लोडर काढल्यावर दाबाची आणि परतीची नळी एकमेकींना जोडून ठेवावी लागते, नाही तर इंजिन सुरू होताच पंपाचे तेल कोंडते. आपला ट्रॅक्टर त्यांतला आहे का, हे त्याच्या पुस्तिकेत पाहावे. ती पुस्तिका बहुतेक घरांत कपाटाच्या तळाशी, विम्याच्या कागदांबरोबर असते.

आट्यांचा घोळ

गळणाऱ्या जोडाला दोन उपाय सर्रास केले जातात : आणखी आवळणे आणि टेफ्लॉनची पट्टी. दोन्ही बहुतेक वेळा चुकीचे असतात, आणि त्याचे कारण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचे एकच प्रमाण सुचवले. त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा होता. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली ६० अंशांचा आटा पुढे आणला. ब्रिटिश नळाचा बीएसपी आटा पहिल्या घराण्यातला, अमेरिकी एनपीटी दुसऱ्या. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनाच एकमेकांचे नट-बोल्ट बसेनात, तेव्हा १९४८ साली ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी सामान्य नट-बोल्टांसाठी संयुक्त प्रमाण मान्य केले. नळाचे आटे मात्र निराळेच राहिले. ब्रिटिश अमलामुळे आपल्याकडे बीएसपी रुजला, परदेशी बनावटीच्या अवजारांबरोबर जेआयसी आणि मेट्रिक आले, आणि आज एकाच गावात, कधी एकाच ट्रॅक्टरवर हे सगळे नांदतात.

घोळ होतो तो असा. अर्धा इंची बीएसपी आणि अर्धा इंची एनपीटी या दोन्हींत एका इंचात १४ आटे असतात. नट पहिले दोन-तीन फेरे छान चढतो, मग अडतो आणि गळतो. शिवाय 'अर्धा इंच' हे नाव जुन्या लोखंडी नळाच्या पोकळीवरून पडलेले. बाहेरून आटा मोजला तर तो सुमारे २१ मिलिमीटर भरतो. म्हणून पट्टीने मोजून दुकानात फोन करू नये. जुना नट आणि निपल हातात घेऊन जावे.

जोड तेल अडवतो ते तीन रीतींनी. निमुळता आटा स्वतःच पाचरीसारखा बसतो. टेफ्लॉनची पट्टी फक्त येथे शोभते. दुसऱ्या रीतीत धातूचा शंकू धातूच्या शंकूवर बसतो आणि आटे केवळ ओढून धरतात. जेआयसीचा शंकू अक्षापासून ३७ अंशांचा, बीएसपीचा ३० अंशांचा. एकावर दुसरा चढवला तर कडेच्या एका रेषेवर टेकतो आणि कितीही आवळला तरी गळतो. तिसऱ्या रीतीत ओ-रिंग किंवा रबर चिकटवलेला वॉशर तेल अडवतो. शंकूच्या आणि वॉशरच्या जोडावर टेफ्लॉनचा काहीच उपयोग नाही. उलट तिची एखादी चिंधी सुटून व्हॉल्व्हमध्ये जाते आणि मग खरोखरच मोठे काम निघते. गळती थांबत नसेल तर आवळण्याऐवजी जोड उघडून बसण्याची जागा पाहावी. ओ-रिंग कापलेली असते, शंकूवर ओरखडा असतो, नाही तर घराणेच वेगळे असते. आवळताना दोन पाने वापरावेत, एकाने निपल धरावे आणि दुसऱ्याने नट फिरवावा. एकाच पान्याने आवळले की नळीला पीळ बसतो. नळीच्या अंगावर छापलेली ओळ सरळ आहे की मळसूत्रासारखी फिरली आहे, यावरून पीळ लगेच ओळखता येतो.

त्या ओळीत वाचण्यासारखे पुष्कळ असते. '१एसएन' म्हणजे तारेची एक जाळी, '२एसएन' म्हणजे दोन जाळ्या. अर्धा इंची नळीचा कामाचा दाब पहिलीत १६० बार, दुसरीत २७५ बार. वर काढलेला २३० बारचा आकडा आठवला, तर मागच्या अवजाराला दोन जाळ्यांचीच नळी का घ्यावी ते समजेल. दोन्हींमधला किमतीचा फरक फुटलेल्या नळीतून सांडणाऱ्या तेलापेक्षा कमीच असेल. अर्धा इंची नळीला सुमारे १८ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान वळण देऊ नये. नळी ताणून बसवू नये. दाबाखाली तिची लांबी थोडी बदलते, तेवढी ढील असावी. वरचे रबर फाटून तार दिसू लागली की नळी संपली. तिच्यावर सायकलची ट्यूब गुंडाळून, क्लिपा आवळून हंगाम काढणारे आहेत. तेलाची धार त्या ट्यूबखालून कोठे निघेल हे मात्र त्यांना सांगता येणार नाही.

शेवटी धूळ आणि तेल. व्हॉल्व्हमधील सरकता दांडा आणि त्याचे घर यांत काही मायक्रॉनचीच फट असते. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. सुटे केलेले नर मातीत लोळत राहिले आणि तसेच ट्रॅक्टरमध्ये खुपसले, तर ती माती सरळ त्या फटीकडे जाते. कपलिंगबरोबर रबरी टोप्या मिळतात, त्या आठवड्यात हरवतात. ट्रॅक्टरच्या समोर लिंबू-मिरची न चुकता दर शनिवारी बदलली जाते, वीस-तीस रुपयांची टोपी मात्र कोणी आणत नाही, हे आम्हाला नेहमी नवल वाटते. टोपी नसेल तर स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी रबर लावून बांधावी, नळी वर टांगून ठेवावी आणि जोडण्यापूर्वी दोन्ही तोंडे पुसावीत.

भाड्याच्या अवजारांबाबत एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ट्रॉलीच्या जॅकमध्ये मागच्या ट्रॅक्टरचे तेल उरलेले असते. ती आपल्या ट्रॅक्टरला लावली की ते तेल, त्यातल्या पाण्यासकट आणि मातीसकट, आपल्या टाकीत येते. पुष्कळ छोट्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक यांचे तेल एकच असते, म्हणजे ती माती गिअरपर्यंतही जाते. तेल दुधासारखे दिसू लागले तर त्यात पाणी मिसळले आहे. वर फेस असेल तर पंप कोठून तरी हवा ओढतो आहे. नवी नळी लावल्यावर जॅक झटके देतो तो आतल्या हवेमुळे. वजन न लावता, इंजिन मंद ठेवून, तो आठ-दहा वेळा सावकाश पूर्ण उघडावा-मिटवावा, म्हणजे हवा टाकीत निघून जाते. मोठा जॅक ट्रॅक्टरमधून काही लिटर तेल ओढून घेतो आणि पातळी इतकी उतरते की पंपाचे तोंड उघडे पडते. नवे अवजार पहिल्यांदा लावले की म्हणून पातळी पाहायची. ती पाहताना ट्रॅक्टर सपाट जागेवर, इंजिन बंद आणि सर्व जॅक मिटलेले असावेत. उघड्या जॅकवर पातळी पाहून तेल भरले, तर जॅक मिटताच ते वरून उतू जाते.